तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनी प्रोफाइलमध्ये लिहायचं तरी काय?

महिन्यातून दोन-तीन फोन येतातच. "साहेब, कंपनी प्रोफाइल करायचंय. काय काय घालायचं त्यात?" विचारणारे बहुतेक छोट्या वर्कशॉपचे मालक; मोठ्या कारखान्यांकडून काम मिळावं म्हणून त्यांना आपली ओळख छापून द्यायची असते. मी बावीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या परचेसमध्ये, म्हणजे खरेदी विभागात काढली; नवीन व्हेंडर, म्हणजे बाहेरून काम करून देणारे शोधणं हेच काम. आता लोकांना प्रोफाइल लिहून देतो, पण त्याआधी शेकडो प्रोफाइल वाचून बाजूला सारली आहेत. ती का सारली, ते सांगतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मालकांनी चोवीस पानांचं गुळगुळीत प्रोफाइल माझ्या हातात ठेवलं होतं. पहिल्या पानावर काचेची उंच इमारत, आत सुटाबुटातली गोरी मंडळी हात मिळवताहेत. प्रत्यक्षात बाहेर पत्र्याची शेड आणि दारात बर, म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेची कुसळं, काढत बसलेली दोन पोरं. व्हिजनला एक पान, मिशनला एक पान. यंत्रांचा विषय थेट एकविसाव्या पानावर, तोही 'अत्याधुनिक यंत्रसामग्री' या दोन शब्दांत आटोपलेला.

म्हटलं, "हे राहू द्या. तुम्ही करता काय, ते सांगा."

चहा येईपर्यंत त्यांनी सांगून टाकलं. "पंप-व्हॉल्व्हची कास्टिंग फौंड्रीतनं येत्यात, आम्ही मशिनिंग करून देतो. दोन व्हीएमसी, तीन सीएनसी टर्निंग. चाळीस किलोपर्यंतचा जॉब आरामात. त्याच्या वर नको म्हणतो, आपल्याकडं क्रेन न्हाई. सध्या एक व्हीएमसी रात्रपाळीला मोकळंच असतंय बघा." (कास्टिंग म्हणजे ओतीव भाग, जॉब म्हणजे मशीनवर चढवायचा तुकडा. व्हीएमसी हे संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन, सीएनसी टर्निंग म्हणजे तसाच लेथ.)

समोर एक जुनं चलन पडलं होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हे जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्यांचं प्रोफाइल तिथेच झालं. उरलेलं काम मांडणीचं.

परचेसचा माणूस प्रोफाइल उघडतो तेव्हा त्याच्या टेबलावर एक ड्रॉइंग पडलेलं असतं. हा जॉब या माणसाच्या मशीनवर बसेल का, एवढंच त्याला बघायचं असतं. म्हणून मशीन कोणत्या मेकचं, किती, कोणत्या सालचं, टेबल केवढं, टर्निंगला व्यास किती आणि लांबी किती, हे पहिल्या पानावर हवं. 'सर्व प्रकारचे धातू' म्हणजे काहीच नाही. ओतीव लोखंड असेल तर एफजी 260, एसजी 500/7 असं ग्रेडनिशी लिहा. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ती मर्यादा, लिहाल तो रोज धरता तो लिहा, गेल्या दिवाळीत एकदा जमला होता तो नको. आणि रात्रपाळीला मशीन मोकळं असतं ही ओळ तर जरूर घाला. मालकांना तिची लाज वाटते, काम नाही असं दिसेल म्हणून. मी मात्र तीच शोधत असायचो, कारण माझा जुना व्हेंडर भरलेला असायचा म्हणून तर मी नवा बघत होतो!

क्रेन नाही, हेसुद्धा लिहा. चाळीस किलोची मर्यादा वाचून साठ किलोवाला फोन करणार नाही हे खरं, पण पस्तीस किलोवाला निर्धास्तपणे करेल.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. सुरुवातीला एका शेडसाठी लिहिताना तपासणीच्या साधनांत मी 'सीएमएम' (जॉबची मापं तिन्ही दिशांनी अचूक मोजणारं मशीन) असं ठोकून दिलं. मशीन होतं शेजारच्या शेडमध्ये. हे लोक तिथून भाड्याने मोजून आणायचे. ऑडिटला आलेल्या बाईंनी पहिल्यांदा तेच बघायला मागितलं. मालक माझ्याकडे बघताहेत, मी छताकडे. 'सीएमएम तपासणी बाहेरून करून घेतो' असं लिहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. बाईंनी त्यानंतर प्रत्येक मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे तो बरोबर मोजतो याचा दाखला, मागितलं, आणि ते काम हातचं गेलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. फर्म प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाची असेल तर मालक 'प्रोप्रायटर'च. कार्डावर 'डायरेक्टर' छापून कुणी डायरेक्टर होत नाही. नोंदणी नसताना नावामागे 'लिमिटेड' लावलं तर कंपनी कायदा 2013 प्रमाणे दिवसाला 500 ते 2000 रुपये दंड आहे. जीएसटी क्रमांक द्या. उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांकही द्या; 2020 च्या आधीचा उद्योग आधार क्रमांक आता चालत नाही, तरी अजून तो छापलेला दिसतो. 'आयएसओ सर्टिफाइड' एवढंच लिहून भागत नाही. आयएसओ ही संस्था स्वतः कुणाला सर्टिफिकेट देत नाही, त्यामुळे 'आयएसओ 9001:2015', ते देणाऱ्या संस्थेचं नाव आणि मुदत, असं पूर्ण लिहा.

फोटो स्वतःच्याच शेडचे. झाडून घ्या, पण रंगरंगोटी नको. फक्त एक बघा: एका फोटोत मशीनला चिकटवलेलं ड्रॉइंग चक्क वाचता येत होतं, गिऱ्हाइकाच्या नावासकट. आज त्याचं दाखवलंत, उद्या माझंही दाखवाल, असं वाचणाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. गिऱ्हाइकांचे लोगो लावायचे तर त्यांना विचारून.

साप्ताहिक सुट्टी लिहायला विसरतात. भोसरीत गुरुवारी शटर बंद असतात हे पुण्यातल्याला ठाऊक असतं, कोइमतूरहून आलेल्याला नसतं.

प्रोफाइल शेवटी इंग्रजीत करावं लागतं, बरोबर. पण आधी मराठीत, मोठ्याने बोलून बघा. आपल्याच फोरमनसमोर म्हणताना हसू येईल असं वाक्य इंग्रजीत गेलं तरी तसंच राहतं. दोन पानं पुष्कळ झाली. पीडीएफ व्हॉट्सॲपवर चटकन उघडेल एवढीच जड हवी आणि फाइलला फर्मचं नाव द्या. 'फायनल फायनल न्यू 2' या नावाच्या फायली माझ्याकडे अजून पडल्या आहेत. कुणाच्या, देव जाणे.

उद्यमनगरातल्या त्या मालकांशी वाद झाला तो एकाच गोष्टीवर. वडिलांनी 1978 साली जुन्या लेथवर धंदा सुरू केला, त्या लेथशेजारी उभ्या वडिलांचा फोटो त्यांना पहिल्या पानावर हवा होता. मी समजावलं, दुसऱ्या पानावर खाली घेऊ, वर मशीनची यादी राहू द्या. ते "बरं" म्हणाले.

परवा गेलो होतो. छापून आलंय. फोटो पहिल्याच पानावर, चांगला तळहाताएवढा, आणि यादी त्याच्याखाली बारीक टायपात कशीबशी बसवलेली.