गॅरेजमधली ओल

मागच्या आठवड्यात गाडी बाहेर काढली, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांखालचा रंग टायरला चिकटून निघाला आणि करड्या, चकचकीत जमिनीवर काँक्रीटचे दोन उघडे चट्टे मागे राहिले. तो रंग मीच, दोन सुट्ट्या खर्चून दिला होता. डब्यावर 'इपॉक्सी', म्हणजे कडक होऊन बसणारा लेप, हा शब्द ठळक छापलेला होता. परंतु जमिनीसाठीचा खरा इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर अशा दोन भागांत येतो, ते मिसळल्यावरच थर कडक होतो, आणि माझ्या एका डब्यातला माल म्हणजे इपॉक्सीची थोडी भर घातलेला अ‍ॅक्रिलिक रंग होता, हे मला उशिरा कळले. धावून आलेल्या गाडीचे गरम टायर थंड होताना आकसतात आणि असा कच्चा थर सोबत ओढून नेतात.

शेजारचे निवृत्त गृहस्थ हे चट्टे पाहून काही बोलले नाहीत. ते घरातून जाड पारदर्शक प्लॅस्टिक घेऊन आले, दीड फुटाचा चौकोन कापून चारही कडा त्यांनी उघड्या काँक्रीटवर चिकटपट्टीने चिकटवल्या आणि किमान 16 तास त्याला हात न लावण्यास बजावले. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतून पाण्याचे बारीक थेंब दिसत होते. जमिनीखालची ओल वाफेच्या रूपाने काँक्रीटमधून वर येत होती, आणि तिची वाट अडवणारा कोणताही थर कधी ना कधी सुटणारच होता. मला खरी लाज वाटली ती इथे. ओल आली की पोपडे सुटतात, हे आपल्याकडे भिंतीकडे पाहून शाळकरी मूलही सांगते. मात्र इथे परदेशात सारे काही सूचनापत्रकात लिहिलेले असल्यामुळे आपले डोळे वापरण्याची सवय सुटते, असे मी स्वतःला समजावले. (पत्रकात ओलीची चाचणी लिहिलेली होती. मी ते पान उलटले होते.)

पॉलिअ‍ॅस्पार्टिक या जमिनीवर देण्याच्या दुसऱ्या एका लेपाचा मोह मला अजूनही आहे, कारण उन्हात इपॉक्सी पिवळा पडतो, हा पडत नाही, आणि काही तासांत वाळतो. तथापि मिसळल्यानंतर तो इतक्या लवकर घट्ट होऊ लागतो की नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय ओलीचा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून मी काँक्रीटमध्ये मुरणारा सिलेन-सिलोक्सेन सीलर (पाणी अडवणारे द्रव) निवडला आहे. त्याचा वर थर बसत नाही, त्यामुळे पोपडे सुटायला काही उरत नाही. खालची वाफ बाहेर पडू शकते आणि थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे, चाकांबरोबर येणारे खारे पाणी आत शिरत नाही. तेलाचे डाग पडतील आणि चकाकीही येणार नाही, पण गॅरेजला चकाकी हवीच कशाला, हा प्रश्न मला रंग उखडल्यावरच सुचला, हेही खरे. सीलर मुरण्यासाठी आधीचा रंग ग्राइंडरने पूर्ण काढावा लागतो, आणि चाकांखालची जागा सोडली तर तो आता कुठेही निघायला तयार नाही.