प्रेस्पा ते स्कोप्ये : युरोपीय संघाच्या उंबरठ्यावरून

ग्रीसमधल्या थेसालोनिकीला बहुतेक जण समुद्र आणि चर्च पाहायला जातात. आम्हाला तिथून पुढे उत्तर मॅसिडोनियात जायचं होतं. 2003 साली याच थेसालोनिकीत युरोपीय संघाने पश्चिम बाल्कन देशांना 'तुमचं भवितव्य संघातच आहे' असा शब्द दिला होता. त्यांतला क्रोएशिया 2013 मध्ये आत गेला, बाकीचे अजून रांगेत.

गाडी भाड्याने घेताना सीमा ओलांडायची लेखी परवानगी आणि ग्रीन कार्ड (परदेशात चालणारा गाडीचा विमा) आधीच मागून घ्या. आमच्या एजंटाने फोनवर 'हो हो' म्हटलं आणि गाडी देताना वेगळे पैसे लावले.

पहिला मुक्काम प्सारादेस. प्रेस्पा सरोवराकाठचं कोळ्यांचं गाव, दगडी घरं आणि रस्त्यात निवांत उभ्या बुटक्या गाई. 17 जून 2018 रोजी इथेच दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, कोत्झियास आणि दिमित्रोव्ह यांनी, शेजारी देशाचं नाव 'उत्तर मॅसिडोनिया' करण्याच्या करारावर सह्या केल्या. पंतप्रधान त्सिप्रास आणि झाएव्ह शेजारी होते. 'मॅसिडोनिया' हे नाव आमच्या प्रांताचं, म्हणून ग्रीसने शेजाऱ्याची संघात जायची वाट वर्षानुवर्षं अडवली होती. संयुक्त राष्ट्रांतर्फे मध्यस्थी करणाऱ्या मॅथ्यू निमेट्झ यांची त्यात दोन दशकं गेली. सह्यांचा दिवस नेमका त्यांचा वाढदिवस. समारंभ आटोपल्यावर मंडळी बोटीने पलीकडच्या ओतेशेवोला जेवायला गेली.

तुम्हाआम्हाला तसं जाता येत नाही. पिसोदेरीचा घाट उतरून फ्लोरिना, मग नीकीचं नाकं आणि पलीकडे बितोला, असा वळसा पडतो. गाडी नसेल तर फ्लोरिनाहून टॅक्सी ठरवा. अंतर तीसेक किलोमीटरच आहे, पण थेट बस काही आम्हाला सापडली नाही.

व्हिसाचं नीट वाचा. भारतीय पासपोर्टवर मल्टिपल एंट्रीचा वैध शेंगेन व्हिसा असेल तर उत्तर मॅसिडोनियात 15 दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र परतीच्या तारखेनंतरही शेंगेनची मुदत निदान 5 दिवस शिल्लक हवी. सिंगल एंट्री असेल तर हा बेत सोडाच, ग्रीसमध्ये परत घेणार नाहीत. नियम बदलतात, निघण्याआधी दूतावासाच्या साइटवर पाहून घ्या.

नाक्यापलीकडे चलन बदलतं : देनार, एका युरोला साधारण 61. उरलेले तिथेच मोडा, बाहेर कोणी घेत नाही. ग्रीक सिमचं रोमिंग महाग पडतं, बितोलात स्थानिक सिम घ्या. गाड्यांच्या पाट्यांवर 'एमके' जाऊन 'एनएमके' आलंय, पण कॉफी पिताना 'उत्तर' म्हणणारा एकही जण आम्हाला भेटला नाही. 2024 मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेताना देशाचं नुसतं 'मॅसिडोनिया' म्हटलं, तेव्हा ग्रीक राजदूत उठून गेल्या होत्या. त्यामुळे ग्रीसमध्ये 'उत्तर' आठवणीने म्हणा. इकडे लोक म्हणतील ते ऐकून घ्या.

बितोलाचा शिरोक सोकाक हा पायी फिरायचा रस्ता. उस्मानी काळात बितोलात इतक्या देशांचे वाणिज्य दूतावास होते की आजही याला वाणिज्यदूतांचं शहर म्हणतात. सरोवराकाठचं ओह्रिद सुंदर, तिथे दोन रात्री राहाच.

राजधानी स्कोप्येच्या चौकात घोड्यावरचा प्रचंड पुतळा आहे. कागदोपत्री तो नुसता 'योद्धा'. अलेक्झांडर (आपला सिकंदर) असल्याचं शेंबडं पोरही सांगेल. करारापायी विमानतळ आणि महामार्गावरून त्याचं नाव निघालं, पुतळा राहिला. एवढं करूनही 2019 मध्ये फ्रान्सने संघप्रवेशाच्या वाटाघाटी रोखल्या, 2020 मध्ये बल्गेरियाने. आता राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करा अशी अट आहे आणि त्यावर घोडं अडलंय. रांगेत सोबत असलेला अल्बानिया 2024 मध्ये पुढे सरकला. माझ्या मते नाव बदलायला लावून पुन्हा दारात उभं करणं हा संघाचा कद्रूपणाच.

कॉफीहाउसात हा विषय आपणहून काढू नका. त्यांनी काढला, तर मात्र पुढची बस उशिराची ठेवा.