एफसी-१५० ची नोंद : ९५ ऑक्टेन आणि एक नंबर मोठे जेट

मागील नोंदीनंतर माझी एफसी-१५०, म्हणजे जीप बनावटीचा जुना छोटा ट्रक, रस्त्यावर आली, तेव्हा आर्वीच्या आमच्या मिस्त्रींनी पहिलाच सल्ला दिला, "भाऊ, एकडाव महागाचं पेट्रोल टाकून तं पाहा, गाडी कशी पयते!" सल्ला मोहात पाडणारा होता, म्हणून मोजूनच पाहायचे ठरवले.

आर्वी ते पुलगाव आणि परत, ढेपेची बारा पोती लादून, वेग ४५ च्या आसपास ठेवून आणि प्रत्येक वेळी टाकी गळ्यापर्यंत भरून तीन फेऱ्या साध्या पेट्रोलवर व तीन महागाच्या, ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर केल्या. (स्पीडोमीटरची केबल तुटलेली असल्यामुळे अंतर आधी मुलाच्या मोटरसायकलवर मोजून घेतले.) साध्यावर लिटरला सरासरी ७.९ आणि महागावर ८.० किलोमीटर मिळाले. एवढा फरक टाकी भरणाऱ्याच्या हातानेही पडतो. चढावरचा जोरही तोच राहिला.

असे होणारच होते. ऑक्टेनचा आकडा इंधनाची ताकद सांगत नाही; दाबाने व उष्णतेने, ठिणगीची लाट पोहोचण्याआधीच आपोआप पेट न घेण्याची सहनशक्ती तो सांगतो. आपल्या २,१९९ सीसीच्या हरिकेन इंजिनाचे कॉम्प्रेशन (पेटण्याआधी मिश्रण दाबण्याचे प्रमाण) जेमतेम ७ ला १, आणि त्याचा युद्धकाळातील पूर्वज तर ६८ ऑक्टेनवर चालत असे. मे महिन्याच्या उन्हात, भरल्या गाडीनेही ठोका (इंधन असे अवेळी पेटल्याचा टकटक आवाज) ऐकू आला नाही; जो ठोका नाहीच, तो थांबवण्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. नॉक सेन्सर (ठोका ओळखणारे उपकरण) असलेल्या टर्बो इंजिनाची गोष्ट निराळी, कारण तिथे संगणक स्वतः टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे नेऊ शकतो. शेजारच्या टिपरवाल्यांनीही ऑक्टेनबद्दल विचारले, पण डिझेलला ऑक्टेन नव्हे, सिटेन (ते दाबाने किती चटकन पेटते, याचा आकडा) पाहतात.

माझ्या प्रयोगातील खरी चूक नंतर ध्यानात आली : २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या साध्या पेट्रोलचे ऑक्टेनही आता ९५ च्याच घरात असते, त्यामुळे मी बहुधा सारख्यालाच सारखे ताडून पाहत होतो.

मात्र इथेनॉलकडे लक्ष गेले, हे बरे झाले. त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, आणि त्याच्या अंगच्या ऑक्सिजनमुळे जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. प्लग काढले तेव्हा टोके पांढरीफटक होती, ही त्याचीच खूण. मुख्य जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) एक नंबर मोठे घातले, टायमिंग पुस्तिकेप्रमाणे ५ अंशांवर आणले आणि त्याच तीन फेऱ्या साध्या पेट्रोलवर पुन्हा केल्या. सरासरी ८.६ आली, गिअर बदलताना बसणारा हिसकाही गेला. जेट आणि टायमिंग एकदमच बदलल्यामुळे श्रेय कुणाचे किती, हे वेगळे काढता येत नाही, ही माझी घाई.

सध्या गाडी उभी आहे, कारण टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल खेचणाऱ्या गाडीतल्या पंपाचा जुना रबरी पडदा इथेनॉलने फुगला आहे.