जास्वंदीवरचा लाल कोळी

आज दिवसभर कोळीच धुतले, म्हणजे पानांतला रस शोषणारे बारीक जीव (माइट). जास्वंदीची पानं वरून फिकट, सुईच्या टोकाएवढ्या पिवळसर ठिपक्यांनी भरलेली. पान उलटं केलं की शिरेलगत बारीक जाळी आणि त्यात सरकणारे अर्ध्या मिलिमीटरचे जीव. खात्री करायची तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. पडलेले कण चालू लागले तर कोळीच.

हा कीटक नाही, आठ पायांचा आहे. त्यामुळे मावा-तुडतुड्यांसाठीची इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं यावर चालत नाहीत; उलट कोळी खाणारे मित्रजीव मरतात आणि प्रादुर्भाव भडकतो. कृपया ती औषधं फवारू नका.

आधी झाड बाजूला घ्या, जाळीने भरलेली पानं काढून पिशवीत बांधा. मग पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. अर्धं काम इथेच होतं. संध्याकाळी एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली सौम्य द्रवसाबण नीट मिसळून फवारा. आधी दोन-तीन पानांवर करून पाहा. उन्हात फवारलं तर पानं करपतात.

बहुतेकांचं चुकतं ते पुढे. फवारा अंगावर बसला तरच कोळी मरतो आणि अंडी बरीचशी वाचतात. उष्ण, कोरड्या हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ आठवड्याभरात होते. म्हणून दर ४-५ दिवसांनी, किमान तीन वेळा फवारणी हवीच. शेजारच्या कुंड्यांमधली पानंही उलटून बघा, विशेषतः गुलाबाची.