आर्न: झाडं उपटून राखलेलं माळरान

आर्नला बहुतेक लोक ऑगस्टमध्ये, हेदर या झुडपाचा जांभळा बहर बघायला जातात. आम्ही मुद्दाम मेच्या अखेरीस गेलो, रातवा या निशाचर पक्ष्यासाठी. इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटमधल्या पूल हार्बरच्या काठावर हे माळरान आहे. लंडनच्या वॉटर्लूहून वेमथची गाडी धरून वेअरहॅमला उतरायचं, पुढे टॅक्सी किंवा सायकल.

रेताड, आम्लधर्मी जमीन, गुडघाभर हेदर आणि गॉर्सची काटेरी झुडपं. गॉर्सच्या पिवळ्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो, हुंगून बघाच. याच काट्यांत डार्टफर्ड वॉर्बलर राहतो. करडी पाठ, विटकरी पोट, लाल डोळा, लांब शेपूट. हा वटवट्या हिवाळ्यातही स्थलांतर करत नाही, त्यामुळे 1962-63 च्या कडाक्याच्या थंडीनंतर देशभरात त्याच्या जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या. आम्हाला एक शेंड्यावर दिसला, खरखरला आणि लगेच आत बुडाला. वारा असेल तर त्याची आशा सोडा.

ब्रिटनचे सहाही मूळ सरपटणारे प्राणी इथे आहेत. विषारी एकटा अ‍ॅडर, आपल्या घोणस-फुरशाच्या कुळातला. वाळूचे उघडे पट्टे दिसतील, तेही मुद्दाम राखलेले: सँड लिझर्ड अशाच वाळूत अंडी घालते.

मला सगळ्यात पटलं ते इथलं काम. कांस्ययुगापासून लोकांनी जंगल तोडलं, गुरं चारली, सरपण नेलं, म्हणून हा माळ झाला. हात आखडला की पाइन आणि बर्च घुसतात, त्यामुळे निसर्ग राखणारेच इथे रोपं उपटतात. ब्रिटनमधलं असलं सखल भागातलं माळरान, म्हणजे हीथ, 1800 पासून 80 टक्क्यांहून जास्त गेलं. नांगरानं, घरांनी आणि वृक्षलागवडीनंही. आपल्याकडे चिंकाऱ्याच्या माळांना पडीक समजून झाडांसाठी खड्डे खणणाऱ्यांना इथे एकदा आणायला हवं.

रातवा सूर्य मावळल्यावर, म्हणजे मेअखेर सव्वानऊनंतर बोलू लागतो. लांबून शिलाई मशीन चालावं तसा, न थांबता. परतीची टॅक्सी आधीच सांगून ठेवा. गोचिडी भरपूर आहेत आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो, तेव्हा पँट मोज्यांत खोचा, रात्री अंग तपासा. रातव्याची अंडी उघड्या जमिनीवर असतात, म्हणून वाट सोडू नका. शेगडी तर नकोच. 2020 च्या मेमध्ये शेजारचं वेअरहॅमचं जंगल पेटलं होतं.