अर्धं जंगल पुंजण्यावर

सोमवार, रात्रीचे साडेअकरा

शेजारच्या गावात मंडई आहे, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. नाटक आत्ता कुठे रंगात येतंय. वारा इकडचा असला की संवाद ऐकू येतात, फिरला की नुसता ऑर्गन. पहाटेपर्यंत चालेल. झोपेचा नाद सोडला आणि वही काढली.

आज दुपारी गोडाऊनातल्या माझ्या गॅलरीत सहाजणी आल्या. धान कापून परतत होत्या, विळे कमरेला. दारातच थांबल्या. "बाई, तुमीच का त्या पिक्चरवाल्या?" हो म्हटलं, तर आत येऊन फरशीवर ओळीने बसल्या. तोंड माझ्याकडे. भिंतीवर बावीस चित्रं, आणि या माझ्याकडे बघतायत. मी बाजूला सरकले, नजराही सरकल्या. शेवटी चहाच्या निमित्ताने मागच्या खोलीत गेले आणि मुद्दाम वेळ लावला. परत आले तेव्हा सगळ्या भिंतीकडे वळून वाद घालत होत्या. चित्रातला बैल पटाचा, म्हणजे शर्यतीचा, की नांगराचा? "पटाचा नोहे वो, खांदा पाय ना त्याचा!" चहा त्यांनी माझ्याकडे न बघताच घेतला. इतका आनंद मला टाळ्यांनी कधी झाला नव्हता.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा, हे मी मुंबईत शिकले. ते हिशेब उभ्याने बघणाऱ्यांचे. इथे बायका काहीही बघायचं म्हणजे आधी बसतात. रात्र-रात्र नाटकं बघून लागलेली सवय. पहिल्याच महिन्यात सगळे खिळे दीड फूट खाली घेतले. मुंबईहून आलेला एक चित्रकार म्हणाला, चित्रं पडल्यासारखी दिसतात. म्हटलं, बसून बघा. बसला नाही.

सात मोसम मी झाडीपट्टीत, म्हणजे इकडच्या पूर्व विदर्भात, नाटकं करत काढले. दिवाळी ते होळी, कंपनी वडशाची, रोज नवं गाव. मग पाच चित्रपट. चारांत नायकाची बहीण होते, पाचव्यात मध्यंतराच्या आधीच मेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पुढची आठ वर्षं काळ्या घोड्याजवळच्या एका गॅलरीत नोकरी केली, तिथे मात्र डोळे उघडले. केकू गांधींनी केमोल्ड ही गॅलरी १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर लहानशा जागेत सुरू केली होती, हे तिथे कळलं. म्हणजे बाबांचं धानाचं गोडाऊन काही वाईट नव्हतं! उधई, पावसाळ्यातली बुरशी आणि दिवसातून चारदा जाणारी लाईट सोडली, तर.

भावाला अजून पटलेलं नाही. नागपुरात जन्मलेल्या चित्रकार गायतोंड्यांचं एक चित्र २०१५ मध्ये लिलावात २९ कोटींवर गेलं, हे मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "अन् तुह्या गोडाऊनातलं कितीले जाते?" आजवरचं सगळ्यात महाग नऊ हजारांना गेलं. त्यातला तिसरा हिस्सा माझा. मी विषय बदलला.

कुणी मुलाखतीला आलं की जुन्या काळच्या नटीचं, देविकाराणीचं नाव हमखास काढतं. तिने १९४५ मध्ये बॉम्बे टॉकीज सोडली, चित्रकार स्वेतोस्लाव रोरिकशी लग्न केलं. बेंगळुरूबाहेरच्या मळ्यात राहिली, पहिला फाळके पुरस्कारही तिलाच. लोक तिची गोष्ट लग्नापाशी आवरती घेतात. मला पुढचीच जास्त छळते. १९९३ मध्ये तो गेला, पुढच्या वर्षी ती. मूल नव्हतं. मग मळ्यावरून तंटे, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत, २०११ उजाडलं. माझ्यामागे या बावीस चित्रांचं काय? भावाला विचारायची हिंमत होत नाही.

चित्रांचं राहू दे, मला खरे हवेत ते नाटकाचे रंगवलेले पडदे. आमच्या कंपनीचे राजवाडा, जंगल, गरिबाची झोपडी. मांजरपाटावर सरस घालून खललेले भुकटीचे रंग. सात मोसम मी त्या राजवाड्याकडे पाठ करून बोलले आणि तो कसा होता हे मला आठवत नाही! खांब किती होते, तेही नाही. आता सगळीकडे फ्लेक्स. राजवाडा सापडला: एका घरी घडी घालून माळ्यावर ठेवलेला, घडीघडीवर रंग तडकलेला. ओल्या फडक्याने पुसायची सोय नाही, रंगच निघून येतो. पाइपावर गुंडाळून आणला. खांब सहा.

जंगलाचे कंपनी मोडल्यावर दोन तुकडे झाले. एकाचा पत्ता नाही. दुसरा आज सापडला, रस्त्याच्या कडेच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. पुंजण्यावर, म्हणजे कापलेल्या धानाच्या ढिगावर पांघरलेला. साग, मोहा आणि त्यामागे अर्धा वाघ. उरलेला अर्धा दुसऱ्या तुकड्यावर असणार. मालक म्हणाला, "घेऊन जा ना बाई, पन माहा धान का उघडा ठेवू?" बरोबरच आहे. ताडपत्री आणून देते म्हटलं, तर म्हणाला, मोठी आना.

बाहेर हात लावून पाहिलं, ओसरीचा कठडा दवाने ओला झालाय. ताडपत्रीचं दुकान नऊला उघडतं, आठच्या बसने वडशाला निघायला हवं. तिकडे नाटकात कुणीतरी रडतंय, मुलगी नवीन दिसते, श्वास चुकीच्या जागी घेते.