परफॉर्मन्स काउंटर बिघडले, आणि म्हणे विंडोज नव्याने टाका

सर्व्हर रडतखडत चाललाय म्हणून परफॉर्मन्स मॉनिटर (मशीनवर किती ताण आहे ते दाखवणारं विंडोजचं साधन) उघडला, तर ‘प्रोसेसर’च्या जागी २३८ आणि ‘मेमरी’च्या जागी ४. नावं गायब, नुसते आकडे. प्रोसेसर, मेमरी अशा गोष्टींचा वापर मोजणारे ते काउंटर. विंडोज प्रत्येक काउंटरला क्रमांक देतं आणि त्याचं इंग्रजी नाव रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) पर्फलिब (Perflib) खाली ००९ मध्ये ठेवतं. ती यादी बिघडली की असं होतं.

सपोर्टवाल्यांकडे तिकीट टाकलं. उत्तर आलं, ‘विंडोज नव्याने टाका.’ चालत्या सर्व्हरवर! अहो, अख्खं बिलिंग त्याच्यावर आहे, असं कळवलं तर पुन्हा तेच उत्तर, फक्त खाली नाव दुसऱ्याचं. म्हटलं मरू दे, आपणच बघू.

उपाय तसा एका ओळीचा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचा आणि ‘लॉडसीटीआर /आर’ (lodctr /R) द्यायचं. सिस्टिम३२ मधल्या पर्फस्ट्रिंगबॅकअप फाइलवरून यादी नव्याने बांधली जाते. माझी गाडी इथेच अडली. कमांड म्हणे, बॅकअपवरून सेटिंग उभारता येत नाही, एरर कोड २. कोड २ म्हणजे फाइल सापडली नाही. अरे, फाइल तर ढळढळीत समोर दिसतेय! रीस्टार्ट केलं, अँटीव्हायरस बंद केला, ढिम्म. वैतागून विंडोजचं फोल्डर चाळत बसलो, तेव्हा सिसवॉव६४ (SysWOW64) कडे लक्ष गेलं. ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट प्रोग्रॅमचं सामान तिथे असतं, आणि लॉडसीटीआरची दुसरी प्रतही. त्या फोल्डरात जाऊन तीच कमांड दिली, तर झटक्यात ‘सक्सेसफुली’. मग सिस्टिम३२ मध्ये परत दिली, तिथेही मुकाट्याने चालली. खुर्चीतून उठून आधी चहा घेतला.

हां, आणि हे सगळं करण्याआधी ‘लॉडसीटीआर /एस:’ (lodctr /S:) पुढे फाइलचं नाव देऊन आहे ती स्थिती सेव्ह करून ठेवा.

नंतर ‘विनएमजीएमटी /रीसिंकपर्फ’ (winmgmt /resyncperf) द्यायचं, म्हणजे डब्ल्यूएमआयलाही (मशीनची माहिती इतर प्रोग्रॅमना पुरवणारी विंडोजची सेवा) नवी यादी कळते. तरी एखादा काउंटर रुसलेला असेल तर ‘लॉडसीटीआर /क्यू’ने (lodctr /Q) बघा, पुढे ‘डिसेबल्ड’ असेल तर ‘लॉडसीटीआर /ई:’ (lodctr /E:) आणि सर्व्हिसचं नाव देऊन तो चालू करा. एसक्यूएल सर्व्हरचे (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) काउंटर या भानगडीत कधीकधी गळतात, ते त्याच्या स्वतःच्या आयएनआय (.ini) सेटिंग फाइलवरून वेगळे भरावे लागतात.

तिकीट सपोर्टने बंद केलंय. शेरा: ‘ग्राहकाची समस्या सोडवली.’